पुळण, भिंत आणि एक चेंडू

पात्रादेवीची सीमा ओलांडली की फुटबॉल हा राज्याचा खेळ होतो. गोव्याने २०१२ साली तसं जाहीरच केलं. सीमेच्या अलीकडे, बांद्यापासून देवगडपर्यंत, सुट्टीत पोरांच्या हातात बहुधा टेनिस बॉलच दिसतो. ज्या मोजक्या मुलामुलींना फुटबॉलचं वेड आहे, त्यांचा संघाबरोबरचा सराव आठवड्याला दोन-तीन संध्याकाळी होतो. उरलेल्या दिवशी त्यांनी काय करावं, याबद्दल घराघरांतून जे सांगितलं जातं त्यातलं बरंच चुकीचं आहे.

‘मैदानच नाय, झील खेळतलो खंय?’ ही पहिली तक्रार. एकट्याच्या सरावाला मैदान लागतच नाही, भिंत लागते. ९० मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो जेमतेम एक-दोन मिनिटं. भिंतीसमोर दर तीन सेकंदाला एक पास मारला, तर दहा मिनिटांत २०० वेळा चेंडू पायाला लागतो. नेदरलँड्सचा डेनिस बर्गकॅम्प पोरवयात असाच भिंतीशी खेळत असे. क्रिकेटवाल्यांना ब्रॅडमनची पाण्याची टाकी, स्टंप आणि गोल्फचा चेंडू आठवेल, रीत तीच.

भिंत मात्र गिलाव्याची निवडा. चिऱ्याचा उघडा गडगा चेंडूचं आवरण सोलतो आणि चेंडू वाकडातिकडा परत पाठवतो. पाय बसल्यावर तो वाकडेपणा उपयोगी पडतो, सुरुवातीला नाही. चार-पाच पावलांवर उभं राहा, एकदा उजवा पाय, एकदा डावा. चेंडू परत येत असताना मान वळवून मागे एक नजर टाका, कारण सामन्यात तुमच्या पाठीशी कोणीतरी असणारच. आणि बारा वर्षांच्या आतल्या मुलाला पाच नंबरचा मोठा चेंडू देऊ नका. त्याच्या पायाला चार नंबरचाच बरा.

दुसरा समज आमच्या किनाऱ्याचा खास: पुळणीवर रोज धावलं की फुटबॉलचा दम येतो. अर्धं खरं आहे. सुक्या, भुसभुशीत वाळूत धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे दीडपट ऊर्जा लागते, हे १९९८च्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. म्हणून पोटऱ्या लवकर भरतात, आणि रोज तेच केलं तर दुखतात. शिवाय पुळण समुद्राकडे उतरती असते. चिवल्यावर किंवा तारकर्लीला एकाच दिशेने धावत राहिलात, तर एक पाय सतत खाली राहतो. जाल तितकंच परत या. चेंडूचं म्हणाल तर सुक्या वाळूत तो घरंगळतच नाही. खरी जागा सुकतीला उघडी पडणारी ओली, घट्ट पट्टी. तिथे चेंडू पायाशी ठेवून वळणं घ्या, नारळाच्या सोडणांमधून नागमोडी काढा. अनवाणी चालेल, आधी जाळ्यांचे तुकडे आणि फुटक्या शिंपा वेचून टाका.

पण ही पट्टी रोज एकाच वेळी मिळत नाही. भरती-ओहोटी दररोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी पाच-सहाला सुकती असेल, तर अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी भरती. रापणकरांच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी तिथी बघून ठरवावं: पुळणीचे दिवस वेगळे, भिंतीचे वेगळे.

व्यायामाने उंची खुंटते, ही भीती आयांना असते. दंड-बैठका, एका पायावर तोल सांभाळणं, पोटाचे व्यायाम नीट शिकून केले तर उंचीला काहीही होत नाही. उलट दुखापती टळतात. ‘फिफा ११+’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या खेळाडू मुलींवर तो तपासला गेला, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेल्या आढळल्या. त्याला कसलंही यंत्र लागत नाही.

‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा मात्र सगळ्यांत घातक समज. वाढीच्या वयात गुडघ्याच्या खालचं हाड किंवा टाच दुखायला लागली, तर ते कण्हणं नव्हे, थांबण्याची सूचना आहे. तेल चोळून पुन्हा पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा. आठवड्यात एक दिवस तरी चेंडूला हात-पाय लावायचा नाही.

एकट्याने केलं की संघाची गरज उरत नाही, असंही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याआधी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. अंगावर बचावपटू असताना पास द्यायला भिंत शिकवू शकत नाही. पण जर्मनीच्या व्यावसायिक खेळाडूंच्या २०१६च्या अभ्यासात दिसलं, की राष्ट्रीय संघात पोहोचलेले लहानपणी प्रशिक्षकाविना, आपापसात, हौशी पातळीवर राहिलेल्यांपेक्षा जास्त फुटबॉल खेळले होते. पुढे किशोरवयात इतर खेळही जास्त खेळले. तेव्हा क्रिकेट, पोहणं बंद करायला लावू नका. भातकापणी झालेल्या मळ्यात शेजारच्या पाच पोरांनी दोन माडांच्या झावळ्या रोवून घातलेला धुडगूस हाही सरावच आहे.

आणि घरच्यांना एक विनंती. पडवीच्या भिंतीवर चेंडूचे डाग पडतील. पोरांना ओरडू नका. दिवाळीआधी रंग काढायचाच असतो.