आधी खरूज, मग पू

धाराशिवच्या कळंब, वाशी, भूमकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत पोरं कोपीत अनेकदा एकाच गोधडीत झोपतात. खरजेच्या किड्याला एवढी सलगी पुरते. पहिल्या वेळी खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर किडा घरभर गेलेला असतो. खाजवून सोललेल्या कातडीत जिवाणू शिरले की पुवाचे फोड येतात, क्वचित मूत्रपिंडांनाही सूज येते. दुष्काळी धाराशिवात आंघोळीलाच पाणी नाही, मग दुसरं काय होणार, असं कुणी म्हणेल. टंचाईने जखमा चिघळतात, हे खरं. पण खरजेचं मूळ संसर्गात आहे. फिजीतल्या २०१५च्या अभ्यासात अख्ख्या वस्त्यांना आयव्हरमेक्टिन हे औषध दिल्यावर वर्षभरात खरूज सुमारे ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली, पुवाचे फोडही दोन तृतीयांश घटले. तेव्हा एकट्या पोराला मलम लावू नका. डॉक्टरांना विचारून सगळ्या घराने एकाच दिवशी औषध घ्यावं.