मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट : सामन्याआधीचे गणित नेमके कुठे चुकते?

अमेरिकेत दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर येणाऱ्या शनिवारी, मिशिगन आणि ओहायो या दोन शेजारी राज्यांचे लक्ष एकाच मैदानाकडे लागलेले असते. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठ आणि कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्या फुटबॉल संघांची वार्षिक लढत त्या दिवशी होते. तिकडे या लढतीला नुसते 'द गेम' म्हणतात. कोणता सामना, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

सामना संपायला साडेतीन तास पुरतात; त्याचे मोजमाप मात्र आठवडाभर आधीच सुरू झालेले असते. कोणाचे मानांकन वरचे, कोण जायबंदी, कोणाची बचावफळी भक्कम, हवामान कसे राहील, याची चर्चा घराघरांत, उपाहारगृहांत आणि विद्यापीठांच्या वसतिगृहांत रंगते. महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी या दोन विद्यापीठांत गेलेल्या विद्यार्थ्यांनाही पहिल्याच वर्षी या चर्चेत बाजू घ्यावी लागते. भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याआधीचे वातावरण ज्याने अनुभवले आहे, त्याला हे नवखे वाटू नये.

इतक्या जाणकारांनी इतका काथ्याकूट करूनही हे अंदाज अनेकदा साफ कोसळतात. २०१८ ते २०२४ या काळात दोन्ही संघांत सहा सामने झाले. त्यांपैकी चार सामन्यांत, ज्या संघाचे पारडे जड मानले गेले होते, तोच हरला. हे निव्वळ दैवाचे खेळ होते, की तराजूतच काही खोट होती?

वैर सीमेपासूनचे

या दोन राज्यांचे भांडण फुटबॉलपेक्षा जुने आहे. टोलेडो शहराच्या परिसरातील जमिनीच्या पट्ट्यावर दोघांनीही हक्क सांगितला आणि १८३५ मध्ये दोन्हीकडचे सशस्त्र जथे समोरासमोर उभे ठाकले. अखेर टोलेडो ओहायोकडे गेले. मिशिगनला बदल्यात उत्तरेकडील द्वीपकल्प मिळाले आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला.

मैदानावरची पहिली गाठ १८९७ मध्ये पडली. मिशिगनने ती ३४-० अशी जिंकली. १९१८ पासून ही लढत दरवर्षी होत आली. खंड पडला तो फक्त २०२० मध्ये, करोनाच्या साथीमुळे. ओहायो स्टेटचे विख्यात प्रशिक्षक वुडी हेज प्रतिस्पर्ध्याचे नावही तोंडी आणत नसत. 'वर उत्तरेकडचा तो संघ' एवढाच त्यांचा उल्लेख असे. आजही सामन्याच्या आठवड्यात कोलंबसच्या विद्यापीठ परिसरात फलकांवरील 'एम' या अक्षरावर लाल पट्टीची फुली मारली जाते. मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या इवल्याशा विजारीचे पदक देण्याची प्रथा १९३४ च्या विजयापासून चालत आली आहे. 'तेही आपल्यासारखीच एकेक पाय घालून विजार चढवतात', असे त्या वर्षी प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट यांनी म्हटले होते, त्याची ही आठवण.

तराजूत काय काय पडते?

अमेरिकी फुटबॉल मुख्यतः हातांनी खेळला जातो. अकरा खेळाडूंच्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन धावायचे किंवा तो पुढच्या गड्याकडे फेकायचा, हे दोन मार्ग. शेवटच्या रेषेपार चेंडू नेला की टचडाउनचे सहा गुण, शिवाय एक जादा गुण मिळवण्याची संधी. चेंडू लाथेने खांबांमधून पाठवला की फील्ड गोलचे तीन गुण.

सामान्य चाहता आधी पाहतो ते मोसमातील जय-पराजय आणि राष्ट्रीय मानांकन. त्यानंतर दोघांनीही ज्यांच्याशी सामने खेळले आहेत अशा संघांविरुद्धचे निकाल ताडून पाहिले जातात. मग येतो 'स्प्रेड', म्हणजे पैज घेणाऱ्या कंपन्यांनी ठरवलेला अपेक्षित गुणफरक. एखादा संघ २० गुणांनी वरचढ ठरवला असेल, तर त्याच्यावर पैसे लावणाऱ्याला तो वीसपेक्षा अधिक गुणांनी जिंकला तरच लाभ होतो. या आकड्यात असंख्य लोकांची माहिती आणि पैसा मुरलेला असल्याने तो सहसा फार फसवत नाही. मात्र स्प्रेड सांगतो ती सरासरी अपेक्षा. प्रत्यक्ष निकाल त्यापासून दहा-पंधरा गुणांनी इकडेतिकडे होणे ही महाविद्यालयीन फुटबॉलमधली नित्याची बाब आहे.

या साऱ्या मोजमापांत एक समान उणीव आहे. ती दोन संघांची एकूण ताकद तोलतात; एका संघाची विशिष्ट बाजू दुसऱ्याच्या नेमक्या कोणत्या बाजूला भिडणार आहे, हे ती सांगत नाहीत.

२०२४ : झाकलेली मूठ

३० नोव्हेंबर २०२४ रोजी कोलंबसमध्ये ओहायो स्टेट दुसऱ्या मानांकनासह उतरला. त्याने दहा सामने जिंकले होते आणि एकच गमावला होता. मिशिगनची अवस्था सहा विजय, पाच पराभव अशी होती; मानांकनात तर त्याला स्थानच नव्हते. स्प्रेड जवळपास २० गुणांचा होता. मिशिगनचे दोन उत्तम खेळाडू, कोल्स्टन लव्हलंड आणि विल जॉन्सन, खेळणार नव्हते. साहजिकच, निकाल ठरलेलाच आहे असे बहुतेकांनी गृहीत धरले.

ज्यांनी संघ सुटे करून पाहिले त्यांना मात्र दोन गोष्टी दिसू शकत होत्या. पहिली म्हणजे मिशिगनच्या बचावफळीच्या मध्यभागी मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोघे धिप्पाड खेळाडू होते. पुढे २०२५ मध्ये व्यावसायिक संघांनी निवड फेरीत ग्रॅहमला पाचव्या आणि ग्रँटला तेराव्या क्रमांकावर उचलले. मिशिगनचे आक्रमण दुबळे असल्याने संघ हरत होता; पण त्या दुबळेपणाने बचावाचे मधले खांब काही खिळखिळे झाले नव्हते.

दुसरी गोष्ट ओहायो स्टेटच्या आघाडीच्या फळीची. तिच्यातील डाव्या टोकाचा जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्येच जायबंदी झाला होता, तर मध्यभाग सांभाळणारा सेथ मॅकलॉक्लिन सामन्याच्या काही दिवस आधी सरावात दुखापतग्रस्त झाला. म्हणजे मिशिगनची सर्वांत बळकट बाजू ओहायो स्टेटच्या सर्वांत ताज्या जखमेसमोर उभी राहणार होती.

घडलेही तसेच. ओहायो स्टेट पुन:पुन्हा मधूनच धावण्याचा हट्ट करत राहिला आणि संपूर्ण सामन्यात त्याला धावून अवघे ७७ यार्ड मिळाले, मिशिगनला १७२. ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल हुकले, फेकलेले दोन चेंडू मिशिगनने मध्येच झेलले. शेवटची ४५ सेकंद उरली असताना डॉमिनिक झ्वाडाच्या फील्ड गोलने मिशिगन १३-१० असा जिंकला. त्यानंतर मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांना तिखट फवारा मारावा लागला आणि बिग टेन या संघटनेने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड केला.

असाच धडा २०१८ मध्ये उलट्या बाजूने मिळाला होता. त्या वर्षी पारडे मिशिगनचे जड होते आणि त्याचा बचाव देशात अव्वल गणला जात होता. हा बचाव प्रत्येक गड्यामागे एक गडी लावून खेळत असे. ओहायो स्टेटने आपले चपळ खेळाडू मैदानाच्या आडव्या दिशेने एकमेकांना छेदत पळवले आणि पाठलाग करणाऱ्यांची दमछाक केली. ड्वेन हॅस्किन्सने टचडाउनसाठी सहा चेंडू फेकले, निकाल लागला ६२-३९. अव्वल बचावाला नेमके न मानवणारे औषध प्रतिस्पर्ध्याकडे होते.

धावेचा हिशेब : कारण की परिणाम?

या लढतीविषयी चाहत्यांत एक ठोकताळा रूढ आहे. जो संघ धावून अधिक यार्ड मिळवतो तो जिंकतो, असे म्हणतात. त्याला आधारही आहे. २०२१ मध्ये मिशिगनने धावून २९७ यार्ड मिळवले, ओहायो स्टेटने ६४. मिशिगन ४२-२७ असा जिंकला. २०२२ मध्ये हेच आकडे २५२ आणि १४३ होते. निकाल ४५-२३, पुन्हा मिशिगन.

तथापि येथे सावध राहायला हवे. २०२२ च्या पूर्वार्धात मिशिगनची धाव अगदीच रोखली गेली होती. त्याला सामन्यात ठेवले ते कॉर्नेलियस जॉन्सनकडे फेकलेल्या ६९ आणि ७५ यार्डांच्या दोन लांब चेंडूंनी. डोनोव्हन एडवर्ड्सच्या ७५ आणि ८५ यार्डांच्या धावा चौथ्या सत्रात आल्या. शिवाय आघाडीवर असलेला संघ घड्याळ पळवण्यासाठी मुद्दामच अधिक धावतो. म्हणजे धावेचे यार्ड हे काही अंशी विजयाचे कारण असते, तर काही अंशी त्याची सावली. सामन्यानंतरचा आकडा सामन्याआधीच्या भाकितात वापरताना हा भेद विसरला जातो.

'मागचे सगळे विसरा' हे कितपत खरे?

कट्टर वैराच्या सामन्यात मागची कामगिरी मोजायची नसते, असे चाहते पिढ्यानपिढ्या म्हणत आले आहेत. १९६९ चे उदाहरण हमखास दिले जाते. सलग २२ सामने जिंकलेल्या वुडी हेज यांच्या संघाला मिशिगनने २४-१२ असे नमवले. मिशिगनचे नवे प्रशिक्षक बो शेम्बेक्लर हे एकेकाळी हेज यांच्याच हाताखाली घडले होते, त्यामुळे त्यांच्या चाली त्यांना पाठ होत्या. आदल्या वर्षीच्या ५०-१४ अशा मानहानीची आठवण म्हणून त्यांनी सरावात प्रतिस्पर्ध्याची भूमिका करणाऱ्यांना ५० क्रमांकाचे पोशाख घालायला लावले होते. प्रत्यक्ष सामन्यात ओहायो स्टेटचे सहा चेंडू मध्येच झेलले गेले.

हवामानही कधी सगळे गणित पुसून टाकते. १९५० मध्ये कोलंबसच्या हिमवादळात मिशिगनला चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठणे एकदाही जमले नाही, तरी तो ९-३ असा जिंकला. २००६ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या मानांकनाचे संघ भिडले तेव्हा बचावाची झुंज अपेक्षित होती. झाले मात्र ८१ गुण. ओहायो स्टेट ४२-३९ असा सरस ठरला. शेम्बेक्लर यांचे निधन आदल्याच दिवशी झाले होते.

असे असले तरी स्मृती पक्षपाती असते. अनपेक्षित निकाल दंतकथा होतात, अपेक्षित निकाल विस्मरणात जातात. २०१२ ते २०१९ या काळात ओहायो स्टेटने सलग आठ वेळा मिशिगनला हरवले आणि त्यांतील बहुतेक विजय अपेक्षितच होते. २०२५ मध्ये ओहायो स्टेट अपराजित आणि अव्वल मानांकित होता. ॲन आर्बरच्या बर्फात त्याने २७-९ असा विजय मिळवला. त्या वेळी आकडे जे सांगत होते तेच घडले. सहापैकी चार अंदाज चुकले म्हणून आकडे टाकाऊ ठरत नाहीत. वर्षातून एकदाच होणाऱ्या सामन्याचे सहा निकाल हा फार तोकडा पुरावा आहे.

अंदाजाला पैशाचे वजन

पूर्वी या अंदाजावर मित्राशी लावलेली एखादी मेजवानी पणाला असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना क्रीडा-पैजा कायदेशीर करण्याची मुभा दिली आणि चित्र पालटले. मिशिगनमध्ये २०२१ पासून मोबाइलवर पैज लावता येऊ लागली, ओहायोत २०२३ पासून. पैसे बुडाले की राग विद्यार्थी खेळाडूंवर निघू लागला. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या विनंतीवरून ओहायोने २०२४ मध्ये एकेका महाविद्यालयीन खेळाडूच्या कामगिरीवर पैज लावण्यास बंदी घातली. विशी-बाविशीतल्या मुलांच्या एका चुकीचे मोल किती लावायचे, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

प्रशिक्षकांना तर हे मोल फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जॉन कूपर यांनी १९८८ ते २००० या तेरा मोसमांत ओहायो स्टेटला १११ विजय मिळवून दिले. पण मिशिगनविरुद्ध दोन विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी ही त्यांची खरी ओळख ठरली. १९९३, १९९५ आणि १९९६ असे तीनदा त्यांचे संघ अपराजित म्हणून या लढतीला आले आणि हरले. त्यांचे पद गेले त्यामागे हा हिशेब होताच.

मोजता न येणारी बाजू

२०२४ पासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी बारा संघांची बाद फेरी सुरू झाली. पूर्वी या लढतीतील एक पराभव वर्षभराच्या स्वप्नावर पाणी फिरवत असे. आता हरलेल्यालाही दार उघडे राहते. २०२४ मध्ये मिशिगनकडून हरलेला ओहायो स्टेट बाद फेरीत टेनेसी, ओरेगॉन, टेक्सास आणि अखेर नॉत्र दाम यांना नमवून राष्ट्रीय विजेता झाला. २०२५ मध्ये नेमके उलटे घडले. मिशिगनला हरवून चार वर्षांची सल काढली, पण पुढे बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियानाने १३-१० असे रोखले आणि बाद फेरीत मायामीने वाट अडवली.

यांतले कोणते वर्ष चांगले, असा प्रश्न कोलंबसच्या चाहत्याला विचारला तर तो क्षणभर तरी थबकेल. सर्व मोजमापांच्या मते उत्तर उघड आहे, राष्ट्रीय विजेतेपद मोठे. पण वर्षभर शेजारच्या राज्यातील सहकाऱ्याचे, व्याह्याचे, जावयाचे टोमणे ऐकावे लागतात ते या एका शनिवारच्या निकालावरून. आघाडीची फळी कोण सांभाळतो, कोण जायबंदी आहे, कोणाची चाल कोणाला झेपत नाही, एवढे सामन्याआधी डोळसपणे पाहता येते आणि पाहायलाही हवे. त्यापलीकडचे वजन कोणत्याही स्प्रेडमध्ये उतरत नाही. ते वाहायचे असते पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.