मॅक की विंडोज? भांडण दोन कॉम्प्युटरचे, झळ उधारीच्या यादीला

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव 2023 च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे देशभर माहीत झाले. आमच्या दुकानाला ते त्याच्या फार आधीपासून माहीत आहे. वडिलांच्या वेळेपासून तिथली काही घरे आमच्याकडे कापड घेतात. लग्नाचा बस्ता, सणाचे लुगडे, पोरांच्या शाळेचे कापड, सर्व काही खात्यावर. कापूस विकला की पैसे येतात. कधी दोन महिने उशीर होतो, पण येतात.

गेल्या हंगामात वसुलीची यादी घेऊन मी त्या गावी गेलो. पारावर चार माणसे बसली होती. यादीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या नावावर 6,400 रुपये बाकी दिसत होती. मी रकमेचा उल्लेख करताच ते म्हणाले, "सेठ, मी तर दिवाळीच्या आधीच मोकळा झालो की." मी यादी पुढे केली. ते काही न बोलता घरात गेले आणि एका पिशवीतून पावती घेऊन आले. पावती आमच्याच दुकानाची, सही माझीच. चार लोकांत मी त्यांना बाकीदार ठरवले होते. मी माफी मागितली, त्यांनी चहा पाजला. पण परतीच्या रस्त्यावर वाडीगोद्रीपर्यंत मी सोबतच्या पोराशी एक शब्द बोललो नाही.

ही चूक कशी झाली ते वाचकांना सांगतो, कारण असे भांडण आज पुष्कळ दुकानांत चालू असेल.

आमचा हिशेबनीस अंबडचा. एमएस-सीआयटी केलेला, हुशार. 2001 साली एमकेसीएलने हा कोर्स सुरू केल्यापासून आपल्याकडच्या लाखो मुलांनी कॉम्प्युटर शिकला तो विंडोजवर, आणि हा त्यांपैकीच एक. त्याच्या दृष्टीने कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, बाकी सर्व श्रीमंतांचे चोचले. माझा भाचा पुण्याला शिकला. तो येताना ॲपलचा मॅक घेऊन आला. त्याच्या दृष्टीने विंडोज म्हणजे व्हायरसचे घर. दोघेही दुकानातच बसतात. गिऱ्हाईक नसले की यांची जुगलबंदी सुरू. "मामू, यांचा डबा दर दोन वर्षांनी बसतो." "सेठ, त्या एकाच्या पैशात आपली दोन यंत्रे आली असती." मला त्यात मजा वाटत होती, हे मी कबूल करतो.

मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो, मराठी बाजारात शिकलो आणि कॉम्प्युटर या दोघांकडून. पण असली भांडणे मला नवी नाहीत. माझ्या तरुणपणी सूटचे कापड घ्यायला येणारे काही लोक रेमंडशिवाय दुसऱ्या थानाला हात लावत नसत, तर काहींना विमलच लागे. लेबल झाकून दोन्ही तुकडे पुढे ठेवले की दहातले सात जण गोंधळत. गावात ट्रॅक्टरचेही तेच. महिंद्रवाला स्वराजवाल्याशी तासभर हुज्जत घालतो. 2007 साली महिंद्रने स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स विकत घेतली, म्हणजे आता दोन्ही ट्रॅक्टरांचा नफा एकाच घरी जातो. हुज्जत मात्र थांबलेली नाही.

मॅक आणि विंडोज यांची तकरार तर चाळीस वर्षांची. आयबीएमने 1981 साली आपला पीसी बाजारात आणला, त्याची यंत्रणा मायक्रोसॉफ्टची. ॲपलचा मॅकिन्टॉश आला जानेवारी 1984 मध्ये. दोघांच्या धंद्याची रीत वेगळी. मायक्रोसॉफ्टने यंत्रणा विकली, यंत्र कोणीही बनवावे. ॲपलने यंत्र आणि यंत्रणा दोन्ही आपल्या हातात ठेवली. मधे दोन वर्षे इतरांना परवाने दिले, ते 1997 मध्ये बंद केले. कापडाच्या भाषेत सांगायचे तर एकाने सूत विकले, दुसऱ्याने शिवलेला सदराच विकला. सूत विकणाऱ्याचा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून देणाऱ्यांपर्यंत पोचला आणि तिथून जालन्या-अंबडपर्यंत. बिघडला तर गल्लीतला पोरगा दुरुस्त करतो. मॅक बिघडला की शहर गाठावे लागते. ॲपलने स्वतःचे दुकान मुंबईत उघडले तेच मुळी एप्रिल 2023 मध्ये.

पण मॅकवाल्यांची बाजूही खरी आहे. आज ज्याला आपण डीटीपी म्हणतो तो धंदा 1985 च्या सुमारास उभा राहिला तो मॅक, ॲपलचा लेझर प्रिंटर आणि पेजमेकर या तिघांच्या जोरावर. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या छापखान्यांत मात्र पुढे विंडोजच बसले, कारण तिथे कोरलड्रॉ चालते आणि मराठीचे फॉन्ट मिळत. लग्नपत्रिका काय, फ्लेक्स काय, कोरलशिवाय पान हलत नाही. कोरलने मधली बरीच वर्षे मॅकसाठी नवे काही काढलेच नव्हते, 2019 मध्ये पुन्हा काढले. तोवर गावोगावच्या डिझाइनवाल्यांचे हात विंडोजवर बसून गेले होते.

ऑगस्ट 1997 चा एक प्रसंग माझ्या भाच्याला ठाऊक नव्हता. ॲपल त्या वेळी अडचणीत होती. बोस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्सने जाहीर केले की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये 15 कोटी डॉलर गुंतवणार आहे. मागच्या मोठ्या पडद्यावर बिल गेट्स दिसताच सभागृहातल्या मॅकवाल्यांनी हुर्यो केली. मालक लोक वर्षानुवर्षे कोर्टात भांडून शेवटी हिशेबाला बसले होते, आणि हुर्यो करत होते ते पैसे देऊन माल घेणारे. मी हे सांगितले तेव्हा दोघे हसले आणि पाचच मिनिटांत पुन्हा सुरू झाले.

आता आमच्या यादीकडे येतो. पक्की बिले आमच्याकडे टॅलीत असतात. टॅलीचा जन्मही आपल्यासारख्याच धंद्यातला आहे. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्राचे भाग पुरवत. हिशेबासाठी सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी मुलगा भरत याला ते लिहायला लावले. ही 1986 ची गोष्ट. टॅली आजही विंडोजचीच. मॅकवर वापरायची तर आत वेगळे विंडोज चालवावे लागते किंवा इंटरनेटवरून दुसऱ्या यंत्रावर जावे लागते. 2020 पासून ॲपलने मॅकमध्ये स्वतःची चिप घातली, तेव्हापासून मॅकवर सरळ विंडोज बसवण्याची जुनी सोयही गेली. 2017 मध्ये जीएसटी आल्यानंतर तर आमचे कर सल्लागार टॅलीच्या फाइलीशिवाय बोलत नाहीत. या मुद्द्यावर हिशेबनीस जिंकला आणि भाच्यानेही ते मुकाट मानले.

गावोगावच्या उधारीची यादी मात्र टॅलीत नव्हती. ती मराठीत, एक्सेलमध्ये, कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली. हिशेबनीस एकदा रजेवर गेला असताना भाच्याने ती फाइल आपल्या मॅकवर घेतली. सर्व नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसला. भाच्याने इंटरनेटवरचे एक फॉन्ट बदलणारे साधन वापरून ती यादी युनिकोडमध्ये आणली. बहुतेक नावे बरोबर आली, काही जोडाक्षरे तुटली, काही ठिकाणी वडिलांचे नाव गळाले. ती त्याने अंदाजाने हाताने नीट केली. अंतरवाली सराटीत आमची एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन गिऱ्हाइके आहेत. फरक फक्त वडिलांच्या नावात. यादीत ती दोन्ही एक झाली आणि एकाची बाकी दुसऱ्याच्या माथी बसली.

मी परत आलो तेव्हा दुकानात लगेच खटला उभा राहिला. हिशेबनीस म्हणाला, मॅकने घात केला. भाचा म्हणाला, यांच्या जुनाट फाइलीने घात केला. मी चौकशी केली तेव्हा कळले की दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. कृतिदेवमध्ये 'राम' लिहायचे तर कळफलकावर जे, के आणि ई ही इंग्रजी अक्षरे दाबावी लागतात. कॉम्प्युटरच्या पोटात तीच तीन इंग्रजी अक्षरे राहतात, फॉन्ट वरून त्यांना फक्त मराठी कपडे घालतो. फॉन्ट नसेल तर कपडे उतरतात. हे मॅकवर होते तसे कृतिदेव नसलेल्या विंडोजवरही होते. उलट कृतिदेवची फाइल मॅकवर बसवली असती तर यादी तिथेही सरळ दिसली असती. पाच मिनिटांचे काम होते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते दोन्ही यंत्रांवर सारखेच उघडते. देवनागरी त्यात 1991 पासून आहे. विंडोज 2000 बरोबर आलेला मंगल फॉन्ट तर आपल्या महाराष्ट्राचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. म्हणजे आम्ही यादी कृतिदेवमध्ये टाइप करत होतो तेव्हाही हा रस्ता मोकळा होता.

आणखी एक गोष्ट कळली, आणि तिचा मला जास्त राग आला. नवी यादी छापून निघाली तेव्हा हिशेबनिसाला शंका आली होती. एक नाव कमी दिसते, हे त्याच्या लक्षात आले होते. पण मॅकवाल्याने केले आहे तर मॅकवाल्यानेच निस्तरावे, असे ठरवून तो गप्प बसला. भाच्यालाही खात्री नव्हती. पण विचारले तर विंडोजवाल्यापुढे मान खाली जाईल म्हणून त्याने विचारले नाही. दोघांनाही आपले यंत्र जिंकलेले पाहायचे होते. पारावर मान खाली गेली ती माझी, आणि विनाकारण बदनाम होता होता वाचले ते पावती जपून ठेवणारे म्हातारबाबा. पावती हरवली असती तर मी कोणावर विश्वास ठेवला असता, याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

उर्दूच्या बाबतीत तर आमच्या पिढीने हे फार पूर्वी भोगले आहे. ईदच्या सेलची उर्दू जाहिरात इनपेजमध्ये बनायची, 1994 पासून उर्दू छपाईवर त्याचेच राज्य. छापखान्याने दिलेली ती फाइल इनपेज नसलेल्या कोणत्याच यंत्रावर उघडत नसे. नस्तालीक लिपी विंडोजमध्ये मुळातच आली ती 2012 च्या विंडोज 8 बरोबर. आयफोनवर आली 2017 मध्ये. तोवर फोनवर उर्दू वाचणे म्हणजे अरबी वळणाच्या नस्ख अक्षरांत आपली जबान ओळखण्याची कसरत होती. त्यामुळे कोणती कंपनी आपल्या भाषेची जास्त कदर करते, या वादात मी दोघांपैकी कोणाचीही वकिली करायला तयार नाही. दोघांनीही आम्हाला ताटकळत ठेवले.

सध्या दुकानात दोन्ही यंत्रे आहेत. टॅली आणि जीएसटी विंडोजवर. साड्यांचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती भाचा मॅकवर करतो, आणि रंग खरोखर चांगले येतात. सुरतेहून आलेला माल दिसतो तसाच गिऱ्हाइकाला दिसतो. उधारीची यादी युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली, तीही जुन्या लाल वहीवरून, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने लिहायची. वहीचे काम हिशेबनिसाने केले, टायपिंग भाच्याने. आठ दिवस लागले. प्रत्येक खात्याला आता क्रमांक आहे आणि वडिलांचे पूर्ण नाव आहे. वसुलीला निघण्यापूर्वी छापील यादीवर दोघांनीही सही करायची, असा नियम मी घातला. दोघांनाही तो अपमान वाटतो.

अंतरवाली सराटीच्या त्या म्हातारबाबांच्या नातीचे लग्न ठरले आहे. बस्ता बांधायला ते आमच्याकडेच आले होते. बिल झाल्यावर त्यांनी पावती मागून घेतली, दोन वेळा घडी केली आणि खिशात ठेवली.