बांबूच्या टोपलीचा हिशेब

बांबूचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून वर येतो आणि तीन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो उंचही होत नाही आणि जाडही होत नाही. पुढची दोन-तीन वर्षे तो फक्त आतून पक्का होत जातो. काठी तोडली तरी बेट मरत नाही. जमिनीखालचा कंद पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब देतो. घरगुती वस्तू हाताने बनवणाऱ्या छोट्या उद्योगाला याहून चांगला कच्चा माल मिळणे कठीण. तरीही असे उद्योग थोड्या वर्षांत गुंडाळले जातात आणि त्यांच्या टोपल्या त्याआधीच भुंगेऱ्याने पोखरलेल्या असतात. दोष बांबूचा नसतो. तोडणी, प्रक्रिया, मजुरी आणि विक्री यांपैकी एखादी बाजू कच्ची राहिलेली असते.

महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या बुरूड समाजाने सांभाळले. सूप, रोवळी, दुरडी, परडी, हारा, कणगी, पावसात डोक्यावर घ्यायचे इरले, यांतले बरेचसे प्लास्टिक आणि पत्र्याने बाजूला सारले. काही वस्तू मात्र रीतीरिवाजांनी राखल्या. कोकणात गौरीचा ओवसा आजही सुपातच भरला जातो. त्यांच्या जोडीला दिव्याच्या छत्र्या, ट्रे, धुण्याच्या कपड्यांच्या टोपल्या, पाट-चौरंगांऐवजी बांबूची बैठी आसने अशा नव्या वस्तूंना शहरांत मागणी आली आहे. मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेले संपूर्ण बांबू केंद्र किंवा सिंधुदुर्गातील कुडाळचे कोनबॅक यांनी या कामाला नवी घडण दिली. चार-पाच माणसांच्या उद्योगाला मात्र आपले गणित आपणच बसवावे लागते.

ते सुरू होते बेटापासून. बेट टिकवायचे तर तीन वर्षांवरच्या काठ्या काढाव्यात, वर्षाच्या आतल्या कोवळ्या काठ्यांना हात लावू नये, असा नियम. बेटाच्या मध्यावर जुन्या काठ्या असतात आणि कडेला नव्या, म्हणून एका बाजूने वाट करून आत शिरावे लागते. काठी जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या थोडे वर तोडतात, म्हणजे बुंध्यात पाणी साचून कंद कुजत नाही. कोंब फुटण्याच्या दिवसांत, म्हणजे पावसाळाभर, तोडणी बंद ठेवायची. दर वर्षीच्या नव्या काठ्यांवर वेगळ्या रंगाचा पट्टा ओढून ठेवला की वय ओळखताना चूक होत नाही.

अडचण अशी की विणकाम करणाऱ्याला हवा असतो नेमका कोवळा बांबू. वर्ष-दोन वर्षांची काठी सहज चिरते, तिच्या कामट्या लवचिक निघतात आणि वळवताना मोडत नाहीत. पिकली काठी बळकट असते, पण बारीक विणीला जुमानत नाही. म्हणून फक्त टोपल्या विणणारा उद्योग नकळत बेटाची नवी पिढीच उचलून नेतो आणि तीन-चार वर्षांत बेट विरळ होते. यावरचा उपाय वस्तूंच्या निवडीत आहे. विणीसाठी दोन वर्षांच्या मोजक्या काठ्या घ्याव्यात आणि काठ, दांडे, पाय, चौकटी, स्टूल यांसाठी जुन्या. म्हणजे एकाच बेटातला दोन्ही वयांचा माल खपतो. शेतकऱ्याकडून अख्खे बेट उक्ते घेण्यापेक्षा वयानुसार काठीला दर ठरवणे दोघांच्याही हिताचे. कोणती वस्तू बनवायची हे ग्राहकाच्या आवडीइतकेच बेटाने ठरवावे, हे या धंद्यातले सर्वांत दुर्लक्षित तत्त्व आहे.

बांबूची जातही पाहावी लागते. कोकणातला माणगा सरळ, बिनकाट्याचा आणि बऱ्यापैकी भरीव, त्यामुळे फर्निचरला आणि दांड्यांना उत्तम. विदर्भातला मानवेलही भरीव असतो. मात्र काही दशकांनी तो एका भागात एकदमच फुलतो आणि फुलोऱ्यानंतर बेटे वाळून जातात. एकाच परिसरातल्या एकाच जातीवर सारी भिस्त ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

कायद्याची बाजू आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होती, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडून नेणेही परवान्यात अडके. २०१७ मधील दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला. जंगलातल्या बांबूला २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज मानले आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळवून तो प्रत्यक्षात आणून दाखवला. छोट्या उद्योगाने माल कोणाच्या बांधावरून किंवा कोणत्या ग्रामसभेकडून आला याची साधी वही ठेवली तर ग्राहकाला देण्यासाठी याहून भक्कम पुरावा लागत नाही.

यानंतर येते ती प्रक्रिया, आणि बहुतेक उद्योग तिथेच घसरतात. बांबूत स्टार्च असते. तेच भुंगेऱ्याचे खाद्य; त्याच्या अळ्या आतून पोखरत जातात आणि टोपलीखाली पिवळसर पीठ पडू लागते. दोन वर्षांत भुसा होणारी टोपली कितीही नैसर्गिक असली तरी तिने बांबू, इंधन आणि माणसाचे श्रम वायाच घालवलेले असतात. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास तोडलेल्या बांबूत स्टार्च कमी असते. तो वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवला की उरलेले बरेचसे निघून जाते. चुलीवरच्या माळ्यावर टांगलेल्या टोपल्या पूर्वी वर्षानुवर्षे टिकत, ते धुरामुळे. आजची प्रचलित रीत म्हणजे बोरिक ॲसिड आणि टाकणखार यांच्या द्रावणात बांबू किंवा कामट्या भिजवणे. माणसाला ते फारसे घातक नाही; मात्र पाण्याने धुऊन निघते, म्हणून घरात वापरायच्या वस्तूंनाच योग्य. धान्य पाखडायच्या सुपाला किंवा पोळ्यांच्या टोपलीला तेही नको. त्या कामट्या उकळून आणि धुरी देऊन घ्याव्यात. उघड्यावरच्या खांबांना देतात ती आर्सेनिकयुक्त रसायने घरगुती वस्तूंच्या जवळपासही आणू नयेत. उरलेले बोरॉनचे द्रावण ओढ्यात किंवा परसात ओतले तर झाडांना अपाय होतो. तेच गाळून, कमी झालेली मात्रा भरून पुन्हा वापरता येते.

शेवटचा हात कसला द्यायचा, हाही विचाराचा मुद्दा. जुन्या टोपल्यांना मेथी आणि कागदाच्या लगद्याचा लेप देत, सुपांना शेणाने सारवत. जवसाच्या तेलाचा हात दिला तर वस्तू पुढे मातीत मिसळू शकते, पण तेल वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. चकचकीत रासायनिक वॉर्निशने वस्तू पाण्यापासून वाचते खरी, परंतु ती खतात घालण्याजोगी राहत नाही. सतत ओल्या हाताने उचलल्या जाणाऱ्या ट्रेला वॉर्निश समजण्यासारखे आहे. फळांच्या परडीला त्याची गरज नसते. ग्राहकाला दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात.

वर्षाचे चक्र नीट आखावे लागते. तोडणी हिवाळ्यात, वाळवण उन्हाळ्यात, आणि गौरी-गणपतीची मागणी ऐन भाद्रपदात, जेव्हा कोकणात दमट हवेने ताज्या कामट्यांवर बुरशी धरते. त्यामुळे पावसाळ्यात विणायचा माल उन्हाळ्यातच प्रक्रिया करून कोरड्या जागी रचून ठेवावा लागतो. म्हणजे चार-सहा महिने पैसा गुंतून पडतो. भांडवलाची खरी गरज इथे आहे. शोरूमच्या सजावटीचा क्रम बराच नंतर लागतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू बनवणाऱ्यांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे.

आता मजुरी. समजा एका मध्यम टोपलीला पाच तास लागतात आणि तासाला ७५ रुपये धरले, तर मजुरी ३७५ रुपये झाली. बांबू ६०, प्रक्रिया आणि इंधन २५, भाडे, वीज, अवजारे आणि वाया जाणारे नग मिळून ९० धरले की खर्च ५५० रुपये होतो. त्यावर २० टक्के शिल्लक ठेवली तर घाऊक भाव ६६० रुपये आणि दुकानातली किंमत साधारण त्याच्या दुप्पट. बाजारात हीच टोपली ३०० रुपयांना मागितली जाते. ती दिली, तर बाकीचा १७५ रुपयांचा खर्च वजा जाता पाच तासांच्या कामाचे १२५ रुपये उरतात, म्हणजे तासाला २५. इतक्या पैशांत घरातले तरुण हे काम शिकणार नाहीत, आणि कारागीरच उरला नाही तर बेट राखून काय उपयोग?

भाव वाढवता येत नसेल तर वेळ कमी करावा. पाचपैकी दोन तास बांबू चिरण्यात आणि कामट्या तासण्यात जात असतील, तर चिरणीच्या यंत्राने ते काम अर्ध्या तासात होऊन टोपलीमागे शंभरावर रुपये वाचू शकतात. बोटेही कमी चिरली जातात. वीण हाताचीच राहते, म्हणून यंत्राला नाक मुरडण्याचे कारण नाही.

पैसे वेळेवर मिळणे हाही टिकण्याचाच भाग आहे. ‘विकले की देऊ’ या बोलीवर माल ठेवून घेणारी दुकाने कारागिराच्या भांडवलावर आपला धंदा करतात. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. २०२३-२४ पासून या मुदतीत न दिलेली रक्कम व्यापारी ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे चुकते होईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला तरी बराच फरक पडतो.

टोपलीचे वजन नगण्य असते, पण ती जागा फार अडवते, आणि कुरिअरवाले आकारमानावर पैसे लावतात. तीन मापांच्या टोपल्या एकीत एक बसतील अशा विणल्या तर एकाच खोक्यात तीन नग जातात. वाहतुकीचा खर्चही वाचतो आणि इंधनही. भरणाला कामट्या तासताना निघालेला भुसा आणि कीस पुरेसा होतो. उरलेली पेरे आणि तुकडे कामट्या उकळायच्या चुलीत जातात. रसायनात भिजवलेले तुकडे मात्र वेगळे ठेवावेत.

टोपलीचा काठ आधी उसवतो, बाकीची वीण शाबूत असते. थोडे पैसे घेऊन काठ पुन्हा बांधून देणाऱ्या उद्योगाची एक विक्री कदाचित बुडते, पण ते गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. शिवाय परत आलेल्या वस्तूंवरून कुठली गाठ कमकुवत आहे आणि कुठली प्रक्रिया अपुरी पडली, हे कळते.

सर्वांत मोठी कसोटी लागते मोठ्या मागणीच्या वेळी. दिवाळीच्या तोंडावर एखादी कंपनी भेटवस्तू म्हणून हजार टोपल्या मागते. ती पुरवायची तर पावसाळ्यातच बांबू तोडावा लागतो, तोही कोवळा. भिजवायला वेळ नसतो आणि नवशिक्यांकडून रात्री जागून विणून घ्यावे लागते. त्या हजार टोपल्या वर्षभरात भुसा टाकू लागतात आणि नाव जाते. अशा वेळी गोदामात प्रक्रिया केलेला माल किती आहे तेवढ्यापुरतीच मागणी घ्यावी, निम्मे पैसे आगाऊ मागावेत आणि उरलेले नग पुढच्या तोडणीनंतर, मार्चपासून पुढे, टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरवावे.