घर डोळ्यांसमोर, तरी बँक का अडते?



आमच्या गटातल्या एका ताईंनी तीन वर्षं पैसे साठवत दोन खोल्या उभ्या केल्या. कॉलम झाले, भिंती झाल्या, वर मात्र पत्रा. स्लॅबसाठी बँकेत गृहकर्ज मागितलं, तर अर्ज परत आला. ताई म्हणाल्या, "घर डोळ्यांसमोर उभं आहे, आणखी पुरावा कसला?"

आम्ही चौघी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो तेव्हा उलगडा झाला. घर तारण घेताना बँक दोन गोष्टी बघते. जागा कुणाची? आणि कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस वर्षं, घर धड उभं राहील का?

जागेचं आधी. नमुना 8 म्हणजे मालकी, असं आपण धरून चालतो. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. एवढ्यावर बँकेचे वकील समाधान मानत नाहीत. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होते आणि मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावची मोजणी झाली असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. ताईंच्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव होतं, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली तरी. म्हणजे आधी वारसनोंद, आणि त्यात नणंदांचाही हक्क. तेवढ्यात दोन महिने गेले.

खरी अडचण दुसऱ्या प्रश्नाची होती. बँकेचे इंजिनिअर आले, कॉलमवर हात ठेवून म्हणाले, "आत सळई किती जाडीची? पाया किती खोल?" ताईंना सांगता येईना. गवंडी दुसऱ्या तालुक्यात कामावर, नकाशा कधी काढलाच नव्हता. काँक्रीट ओतल्यावर आतलं कुणाला दिसणार? इंजिनिअरनी 'मजबूत आहे' असं लिहायचं तरी कशाच्या जोरावर? गवंड्याचा शब्द आपल्याला पुरतो, बँकेला पुरत नाही. यात बँकेचं चुकलं असं आम्हाला वाटत नाही. त्याच स्लॅबखाली आपलीच लेकरं झोपणार असतात.

शेवटी ताईंनी स्वतःच्या खर्चाने परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले. त्यांनी यंत्राने सळया तपासल्या, पायाजवळ उकरून पाहिलं. दोन कॉलम बारीक निघाले. ते बाहेरून सळई बांधून जाड केल्यावरच स्थैर्याचा दाखला मिळाला. इतका खटाटोप, पण पत्र्याच्या जागी थेट स्लॅब पडला असता तर काय झालं असतं, हे मनात आलं की अंगावर काटा येतो.

म्हणून ज्यांचं बांधकाम अजून व्हायचं आहे त्यांनी ग्रामपंचायतीची परवानगी आणि इंजिनिअरचा नकाशा आधी घ्यावा. पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब, प्रत्येक वेळी काँक्रीट ओतण्याआधी सळयांचे फोटो काढावेत. मोबाईल तर हातातच असतो! सिमेंट-सळईची बिलं वहीत चिकटवून ठेवावीत. बांधकामासाठीचं कर्जही बँक याच टप्प्यांनी देते.

काही जणी विचारतात, गटाला 20 लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, तेच का नको? ते लवकर फेडायचं असतं आणि जबाबदारी सगळ्यांची असते. एकीच्या स्लॅबसाठी दहा जणींची पत पणाला लावणं आम्हाला पटलं नाही.

ताईंचा अर्ज आता मंजूर झाला आहे. स्लॅब पावसाळ्याआधी घालायचा म्हणून त्या सध्या गवंड्याच्या मागे आहेत, आणि या वेळी सळया मोजायला आम्हीही जाणार आहोत.