फांदी दिसली तरच आत शिरा

इटलीतलं हॉटेल म्हटलं की आपलं डोकं थेट पिझ्झाकडे धावतं. आज मी सांगतोय तिथे पिझ्झा मागूच नका. पास्ताही नाही.

ईशान्य इटलीत त्रिएस्ते शहराला लागून कार्स्टचं खडकाळ पठार आहे. तिथले शेतकरी वर्षातले काही दिवस घराचं अंगण गिऱ्हाइकांना उघडं करतात. वेलींच्या मांडवाखाली बाकं, समोर घरचं हॅम, चीज, उकडलेली अंडी, ब्रेड आणि स्वतःची वाइन. लालमध्ये तेर्रानो, पांढऱ्यात वितोव्स्का. या जागेचं नाव ओस्मित्सा. इथे स्लोव्हेनियन बोलणारे बरेच, आणि त्यांच्या भाषेत ‘ओसेम’ म्हणजे आठ. पूर्वी हा भाग ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे होता. १७८४ मध्ये दुसऱ्या जोसेफने शेतकऱ्याला आपला माल घरूनच विकायची मुभा दिली, आठ दिवसांची. मधे दलाल नाही! मला तर यातली खरी चव हीच वाटते.

आता दिवस जास्त मिळतात, पण बाराही महिने उघडं नसतं. रस्त्याकडेला हिरवी फांदी टांगलेली दिसली की तिकडे वळायचं. फांदी नाही? मग पुढच्या गावात बघा. शाकाहारी असाल तर चीज-ब्रेडवर निभावेल, आणि थोडे युरो रोख जवळ असू द्या.