गांधीलमाश्यांचे पोळे

हिमाचलमधल्या आमच्या हॉस्टेलच्या छताखाली फुटबॉलएवढे पोळे होते. भरदुपारी मी त्यावर दगड मारला. डंख मात्र बसले माझ्या मित्राला. त्याचे ओठ सुजले, श्वास अडकू लागला. डॉक्टरांनी लगेच अॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिले म्हणून निभावले.

मग पोळी काढणारा माणूस आला (मेसमधली पोळी नव्हे!). दिवसा त्याने फक्त पाहणी केली. अंधार पडल्यावर सगळ्या माश्या घरी परततात, काम तेव्हाच. टॉर्चला लाल कागद, कारण लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही. अंगभर जाड पोशाख, तोंडावर जाळी. पोळ्याच्या तोंडात त्याने औषधाची भुकटी मारली. आम्हाला दूर उभे केले होते. एक माशी चिरडली तरी तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या धावून येतात. शिवाय मधमाशीसारखी हिची नांगी कातडीत अडकत नाही; एकच माशी पुन्हा पुन्हा डसते.

दोन दिवसांनी रिकामे पोळे हातात घेतले. कागदच तो, लाकूड चावून लाळेत मळलेला!

मैदानापलीकडच्या देवदारावर दुसरे पोळे आहे. ते उंच असल्याने त्याने राहू दिले. थंडीत कामकरी माश्या मरतील, जुन्या पोळ्यात कोणी परतणार नाही. तोवर तिकडे गेलेला बॉल आणायला जायचे नाही.